जिजींचा रविवारचा कागद

कुसुमजिजींच्या शोकसभेत, देवासला, एका वक्त्यांनी त्यांना ‘थोर समाजसेविका’ म्हटलं आणि मला, खरं सांगते, रागच आला. मागच्या रांगेत बसले होते म्हणून बरं. जिजींनी समाजाची सेवाबिवा काही केली नाही. त्या धारला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आणि रविवारी कागद काढीत. वक्त्यांना यातलं ठाऊक असायचं कारण नव्हतं. जिजी देवासला आल्या त्या शेवटची दोन वर्षं, मुलीकडे, टेकडीखालच्या घरात, डोळे अगदी गेल्यावर. त्यांनी जे काय केलं ते धारला केलं, तिरल्याला केलं, नालछ्याला केलं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत केलं. तेव्हा हे मीच लिहायला पाहिजे असं परतीच्या बसमध्ये वाटलं. आणि धास्तीही वाटली, कारण जिजींबद्दल लिहिताना मी एकदा मोठी चूक करून बसलेली आहे. ती पुढं येईलच.

जिजी म्हणजे आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत मोठी बहीण, कुठं कुठं आईसुद्धा, नाहीतर शेजारपाजारची मान द्यावी अशी कुणीही बाई. कुसुमजिजी शेजारच्याही नव्हत्या, पण सगळं धार त्यांना जिजीच म्हणे. हिंदी बोलणारेही, आदिवासी बायकाही, वकीलसुद्धा. ठेंगणी मूर्ती, कानांत मोत्याच्या कुड्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि सुती साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट. कचेरीच्या आवारात चिखल होतो, चपला अडकतात, म्हणून बूट. लग्नाला जातानाही तेच. सून एकदा म्हणाली, आई, निदान आज तरी चपला घाला. तर म्हणाल्या, “नवरी मी आहे का?”

त्यांचे आजेसासरे संस्थानच्या दफ्तरात होते, आमचे पणजोबा पागेवर. तेव्हा आमच्यात पहिल्यापासून थोडं अंतर होतंच, घोड्याच्या वासाएवढं. ते त्या विसरत नसत आणि मीही विसरू देत नसे. “तुमच्या लोकांचा आवाज मोठा,” त्या म्हणायच्या. मी म्हणायची, जिजी, घोडे ऐकत नाहीत हळू बोललं तर.

अर्जनवीस खरं तर त्यांचे यजमान. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायची त्यांची जागा कचेरीच्या फाटकाजवळ, चिंचेखाली. त्यांना अर्धांगवायू झाला. तोवर जिजी घरी बसून त्यांच्या अर्जांच्या स्वच्छ प्रती टाइप करायच्या. एका सोमवारी त्या टाइपरायटर सायकलरिक्षात घालून घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. आजूबाजूच्या अर्जनविसांची पंचाईत झाली. एकजण हात जोडून म्हणाला, “भाभीजी, घर से कोई आदमी भेज दीजिए.” जिजी म्हणाल्या, “आदमी बिस्तर पर है, भिया. मशीन मेरे को आती है.” पहिले काही आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एक बाई आली, मग तिनं दुसरी आणली, आणि थोड्याच दिवसांत चिंचेखाली बायकांची अशी रांग लागू लागली की शेजारचे म्हणाले, जिजीने तो हमारा धंदा बिठा दिया.

त्यांचे नेम मोजके पण पक्के. टेबलावर कुणाला कोपर टेकू द्यायच्या नाहीत. खोटं लिहायच्या नाहीत. एखादी बाई नवऱ्याविरुद्ध भरमसाट सांगू लागली की टाइपरायटरवरची बोटं उचलायच्या आणि विचारायच्या, “ये हुआ था, कि होना चाहिए था?” आणि घरून डबा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या आणायच्या. कचेरीसमोरच्या टपरीचा चहा नाही, कुणी आग्रह केला तरी बिस्किटसुद्धा नाही. “माझं पोट नाजूक आहे गं,” म्हणायच्या. एवढ्या धडधाकट बाईचं पोट तेवढं नाजूक कसं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. पडला असेल तरी सोयीचा नव्हता.

मी त्यांच्याकडे गेले ती नाव बदलायला. वीज खात्यात कारकून म्हणून लागले होते, लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि सासरचं म्हणणं होतं की कागदोपत्री माहेरचं आडनाव बरं दिसत नाही. जिजींनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तुला बदलायचंय की घरच्यांना?”

मी म्हटलं, घरच्यांना.

“मग घरच्यांना पाठव.”

आणि फॉर्म परत दिला. घरी जाऊन काय सांगायचं ते मला कळेना. सांगितलं की बाई आज नाही म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. पुढं सगळे विसरले. माझं आडनाव अजून वडिलांचंच आहे आणि निवृत्तीच्या कागदांवरही तेच लागलं. हे उपकार मी जिजींना कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथं दाखवते.

फॉर्म परत देताना त्यांनी माझं अक्षर पाहून ठेवलं होतं. मी फाटकाकडे वळले होते, तर मागून हाक आली. “अगं ए, रविवारी काय करतेस?”

“कपडे असतात, जिजी.”

“कपडे शनिवारी धू. रविवारी दहाला इथं ये.”

अशी मी कागदात शिरले. त्याला नाव नव्हतं. सगळ्या त्याला कागदच म्हणायच्या. जिजींचं म्हणणं असं की अर्जात सगळ्या बायका एकसारख्या रडतात. “प्रार्थिनी अत्यंत गरीब, असहाय, श्रीमानजी से करबद्ध निवेदन. मीच लिहिते ना ते, मला ठाऊक आहे. साहेबाला तेच वाचायची सवय. पण बाईनं एकदा तरी आपल्या तोंडानं बोलावं की नाही?” म्हणून रविवारी कचेरी बंद असताना चिंचेखाली सतरंजी पडायची. बाजारहाटाला आलेल्या, आसपासच्या पाड्यांवरच्या, गावातल्या धुणीभांडी करणाऱ्या, एखादी शिक्षिका, एखादी नर्स, अशा दहा-पंधराजणी बसायच्या. ज्या बाईला सांगायचं असेल ती सांगणार. मी किंवा दुसरी कुणी ते मोठ्या कार्डशीटवर जाड पेनानं उतरवणार. मग खळ लावून तो कागद कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर, आणि त्याच्या नकला तिरल्याला आणि नालछ्याला, हाटाच्या दिवशी, जिथं लोकांची नजर पडेल तिथं.

नियम दोन. सांगणारीचं वाक्य बदलायचं नाही. आणि लिहून झालं की तिला पुरतं वाचून दाखवायचं. ती हो म्हणेपर्यंत भिंतीला लावायचं नाही. अंगठा कुणाचा घ्यायचा नाही. “अंगठा कर्जावर लावतात,” जिजी म्हणायच्या. सही येत नसेल त्या बाईनं आपली काहीतरी खूण काढावी. एकीनं चाळणी काढली, एकीनं शेळी. एक म्हातारी दर वेळी निराळंच काहीतरी काढायची आणि म्हणायची, माझं मन आज असं आहे.

वाटतं तितकं हे सोपं नव्हतं हो. माझ्या हाताला कचेरीची सवय. बाई म्हणायची, मला भूक लागली होती, आणि माझा हात लिहायचा, भूख से पीड़ित थी. वाचून दाखवलं की बाई म्हणायची, पीड़ित कौन? जिजी नुसत्या हसायच्या. मला आठ-दहा कागद पुन्हा लिहावे लागले असतील. नोकरीत इतक्या वर्षांत कुणी माझं ड्राफ्टिंग इतकं तपासलं नाही.

एक गंमत सांगते. आमच्या धारकडे आदिवासी बायकांना दुकानदार, कंडक्टर, सगळे मामी म्हणतात. पुरुषांना मामा. म्हणणाऱ्याला वाटतं आपण प्रेमानं म्हणतोय. नालछ्याच्या एका बाईनं कागदात सांगितलं की बस में मेरे को मामी बोलके पीछे भेजते हैं, मैं इनकी कौन-सी मामी, मेरा नाम पूछो ना. कागद लागला, आणि चौथ्या दिवशी एक कंडक्टर तणतणत चिंचेखाली आला. हमने क्या गाली दी, इज्जत से मामी बोलते हैं. जिजींनी त्याला खुर्ची दिली, पेन दिलं आणि म्हणाल्या, “आप भी लिख दो. जैसा बोल रहे हो वैसा.” बिचारा घाम पुसत चार ओळी लिहून गेला. त्या ओळी त्या बाईच्या कागदाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लागल्या. मग लोक दोन्ही वाचून आपसांत वाद घालत उभे राहू लागले. तो कंडक्टर पुढं मला बसमध्ये भेटला तर म्हणाला, बाईजी, अब नाम पूछता हूँ, पर याद नहीं रहता. मला तो आवडला.

आता थावरीचं सांगते. ते सांगायचंच म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

थावरी तिरल्याच्या पलीकडच्या एका गावची, तिथल्या आदिवासी पाड्यावरची. गावाचं नाव तिनं तिच्या कागदात घातलंय, मी इथं घालत नाही. मी तिला विचारलेलं नाही. थावर म्हणजे शनिवार, त्या दिवशी जन्मली म्हणून थावरी. गावच्या शाळेत दोन वर्षं ती मुलांचं दुपारचं जेवण करत होती. मग गावातल्या काही घरांनी मुलांबरोबर डबे पाठवायला सुरुवात केली. तोंडानं कुणी काही बोललं नाही. पण डबे वाढत गेले, आणि एके दिवशी शाळेच्या समितीनं थावरीला बोलावून सांगितलं की तुला चुलीच्या धुराचा त्रास होतो, डोळ्यांना बरं नाही, उद्यापासून तू झाडू मारायचा आणि भांडी घासायची. स्वयंपाक दुसरी बाई करेल. थावरीचे डोळे असे की दोन शेतांपलीकडची बकरी कुणाची ते सांगेल.

तिला चूल परत पाहिजे होती. बस, एवढंच. पगारात फार फरक नव्हता, ते ती स्वतः म्हणायची. पण त्याच शाळेत तिची मुलगी पाचवीत होती, आणि आईच्या हातात पळी बघायची सवय झालेली ती मुलगी आता आईच्या हातात झाडू बघत होती. घरी येऊन तिनं विचारलं होतं की आई, तू काय केलंस?

जिजींनी तिचे तीन अर्ज लिहिले. मी वाचले आहेत, सुरेख होते. प्रार्थिनी, करबद्ध, सहानुभूतिपूर्वक, सगळं जिथल्या तिथं. तिन्हींना उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. तिसरं उत्तर आलं तेव्हा जिजी थावरीला म्हणाल्या, “मेरी अर्जी से नहीं होगा. रविवार को आ जा. तू बोल.”

रविवारी थावरी आली. बरोबर मक्याच्या पिठाचे पानिये बांधून आणले होते, पळसाच्या पानांत भाजलेले, सगळ्यांसाठी. आधी ते वाटले. आम्ही खाल्ले. जिजींचा डबा होता. मग ती बोलायला बसली आणि मी लिहायला.

ती थांबत थांबत बोलत होती, पण अडखळत नव्हती. मेरा नाम थावरी है. मैं दो साल स्कूल में रोटी बनाती थी, अब झाड़ू लगाती हूँ. गेहूँ मैं काटूँ तो चलता है, रोटी मैं बनाऊँ तो नहीं चलता. मेरे हाथ की रोटी में क्या खराबी है, कोई चखके बताए. असं ती म्हणाली, आणि मी जसंच्या तसं उतरवलं. तेवढं मला तोवर यायला लागलं होतं. सतरंजीवर नर्सबाई डोळे पुसत होत्या.

मग थावरी माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “जिजी अच्छी हैं. पर पानी हमारे घर का जिजी ने भी कभी नहीं पिया.”

माझं पेन थांबलं. जिजी माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. त्यांच्या बाजूला तो डबा, तो तांब्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. डोक्यात एवढंच आलं की हे भिंतीवर लागलं तर उद्या कचेरीतले सगळे वाचतील, ज्या माणसांनी जिजींना पहिल्या दिवशी घरी पाठवायला पाहिलं ते वाचतील, हसतील. जिनं एवढं केलं तिचीच शोभा. आणि मी ते वाक्य लिहिलं नाही. पुढच्या वाक्यावर गेले. थावरीला वाचता येत नव्हतं, हेही त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. ते कबूल केलं नाही तर या सगळ्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

लिहून झालं. मी वाचून दाखवलं. थावरीनं डोळे मिटून ऐकलं, सगळं झाल्यावर म्हणाली, “एक बात रह गई.”

मी म्हटलं, कौन-सी? बघा, माझा निर्लज्जपणा.

जिजी बोलल्या. मराठीत, माझ्याशी. “माझं नाव आलं होतं ते वाक्य. कुठं गेलं?”

“जिजी, ते…”

“ते तुझं आहे का?”

“नाही.”

“मग तू कोण गाळणारी? लिही. आणि बारीक नको, बाकीच्याएवढ्याच अक्षरात लिही.”

मी नवी कार्डशीट घेतली आणि पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही. पुन्हा वाचलं. थावरीनं या वेळी मान हलवली आणि खाली तिची खूण काढली. जिजींनी स्वतः खळ लावली. ती भिंत, तो कागद, आणि त्याच्यापुढं चष्मा सावरत, मंदावत चाललेल्या डोळ्यांनी, उभ्या राहून आपल्याच नावाचं वाक्य वाचणाऱ्या जिजी. त्या वेळी मी त्यांच्यापासून दहा पावलं लांब उभी राहिले, जवळ जायचं धाडस झालं नाही.

पुढच्या रविवारी जिजी आल्या नाहीत. हे कधीच झालं नव्हतं. आम्ही सतरंजी घातली, बसलो, उठलो. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या, डबा घेऊनच आल्या. थावरीही आली होती. तिनं मुद्दाम नाही, पण मागच्यासारखेच पानिये काढले आणि एक जिजींपुढं धरला. जिजींनी तो घेतला. हातात धरला, एक तुकडा मोडला, आणि तो तुकडा बोटांत तसाच राहिला.

“नहीं होता रे, थावरी,” त्या म्हणाल्या. “पेट-वेट का बहाना था सब. मेरे को बचपन से सिखाया है. मैं जानती हूँ गलत है, पर गले से नीचे नहीं उतरता.”

थावरीनं तो पानिया परत घेतला नाही. “रख लो, जिजी. सूखता नहीं जल्दी,” म्हणाली आणि दुसरीकडे वळली. जिजींनी तो पदरात बांधून घरी नेला. त्याचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. एवढी मोठी बाई, इतक्या जणींसमोर, आपल्याला जमत नाही असं सरळ सांगते, याचं मला त्या दिवशी नुसतं वाईट वाटलं. आज त्याचा आदर वाटतो. मला नाही येत असं बोलता.

इकडे कागदानं आपलं काम चालवलं होतं. तिरल्याच्या हाटात कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो मोबाइलवर फिरत फिरत थावरीच्या गावात पोचला. गेहूँ मैं काटूँ तो चलता है, ही ओळ गावात बायकांच्या तोंडी बसली. कापणीला ज्या घरांनी थावरीला बोलावलं होतं त्याच घरांतून डबे येत होते, आणि आता हे सगळ्यांना एकमेकांसमोर ठाऊक झालं होतं. समितीच्या अध्यक्षांच्या बायकोनंच म्हणे घरात विचारलं, की मग गहू तरी तिच्या हातचे कसे खातो आपण? महिन्याभरानं समितीनं थावरीला बोलावलं. चूल परत घे, पण एक महिना. महिन्यात मुलं जेवली तर ठीक, डबे तसेच राहिले तर पुन्हा झाडू.

थावरी हे सांगायला आली तेव्हा जिजींचं देवासला जायचं ठरलेलं होतं. डोळ्यांनी पार दगा दिला होता. टाइपरायटर विकून झाला होता. मुलगी न्यायला येणार होती त्या शुक्रवारी. थावरीची चूल सुरू होणार होती बुधवारी. जिजींनी मला फोन केला. “बुधवारी रजा टाक,” म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

आम्ही बसनं तिरल्याला आणि तिथून पुढं टमटमनं गेलो. जिजींच्या हातात पिशवी होती, मी मनात म्हटलं, डबा. शाळेत पोचलो तर मुलांच्या पंगती व्हरांड्यात बसत होत्या. एका अंगाला पाड्यावरची पोरं, थावरीच्या मुलीसकट, ताटल्या पुढं घेऊन. दुसऱ्या अंगाला गावातली, मांडीवर डबे, झाकणं बंद. दारात समितीचे दोघे-तिघे उभे होते, त्यांच्या मागं काही आया. थावरी पातेल्याशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

जिजींनी माझा हात सोडला, बूट काढले आणि चाचपडत जाऊन त्या डबेवाल्या पंगतीत, एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीशेजारी, मांडी घालून बसल्या. पिशवीतून ताटली काढली. नुसती रिकामी ताटली. पुढं ठेवली. थावरीनं वाढलं, रोटी आणि वर डाळ. जिजींनी रोटीचा तुकडा मोडला आणि क्षणभर तो बोटांतच राहिला. मला वाटलं, संपलं आता, उठतील. मग त्यांनी तो डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. चावायला वेळ लावला. गिळला. सगळा व्हरांडा बघत होता.

“कैसी बनी, जिजी?” थावरीनं विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता तिचा.

जिजींनी विचार केला. खोटं बोलण्याची सवय नव्हती. “नमक कम है,” म्हणाल्या.

थावरी हसायलाच लागली, पळी हातात तशीच धरून. “दो साल रोटी बनाई,” ती म्हणाली, “सबने मेरे हाथ देखे. नमक का आज पहली बार किसी ने बोला.” आणि मीठ आणायला आत धावली.

जिजींशेजारची ती मुलगी आतापर्यंत त्यांच्या ताटलीकडे एकटक बघत होती. तिनं विचारलं, “दादी, बहुत कम है क्या?”

“मेरी जीभ तो बूढ़ी हो गई, बेटा,” जिजी म्हणाल्या. “तू चखके बता.”

मुलीनं दाराकडे बघितलं. आयांपैकी कुणीतरी हाक मारली, पण तोपर्यंत तिनं बोट डाळीत घालून चाटलं होतं. “है कम,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि पंगतीतली आणखी दोन-तीन पोरं गुडघ्यांवर उठून, मला बघू, मला बघू करायला लागली.

पुढच्या महिन्याभराचं मी लिहीत नाही, तो कागद थावरीचा आहे. आता ती स्वतः लिहिते, मुलीनं शिकवलंय. चूल तिच्याकडेच आहे, एवढं सांगते. शुक्रवारी जिजी देवासला गेल्या. येते, येते म्हणत मी दोन वर्षं गेले नाही. फोनवर आवाज खणखणीत असायचा, म्हणून वाटायचं, घाई काय आहे. गेले ती शोकसभेलाच. म्हणून माझं त्यांना शेवटचं बघणं ते बुधवारचंच. मला बसची वेळ झाली होती, टमटमवाला हॉर्न देत होता. मी दारातून हाक मारली, जिजी, निघायचं ना? त्यांनी मान वर केली नाही. हात तेवढा वर केला, थांब म्हणून, आणि पातेल्याच्या दिशेनं तोंड करून थावरीकडे दुसरी रोटी मागितली.